गारा, मेंढ्या आणि एफ-जे

टायपिंगच्या क्लासात किस्से जेवढे साठतात तेवढे कोर्टातही साठत नसतील. कारण साधं आहे. माणसाची दहाही बोटं गुंतलेली, डोळे कागदावर, मान हलवायची नाही. मग मोकळं काय राहिलं? कान आणि तोंड! औरंगाबादला पैठण गेटजवळ एका सायकलच्या दुकानावर आमची इन्स्टिट्यूट होती. तिथं मी सोळा वर्षं इन्स्ट्रक्टर होते. माझं नाव मंगल, पण पोरं नुसतं ‘बाई’ म्हणायची. जुन्या मैत्रिणी भेटल्या की अजूनही पहिला प्रश्न हाच, “मंगल, ते गारांचं सांग ना गं!”

तर गारांपासूनच सांगते.

शहराबाहेर वाळूजला तेव्हा रोज कारखान्याची एखादी नवी शेड उभी राहत होती आणि प्रत्येक शेडमध्ये म्हणे ‘कॉम्प्युटरवाला माणूस’ पाहिजे होता. आमच्याकडं बावीस टाइपरायटर, पण कॉम्प्युटर एकही नाही. आमचे मालक हबीबसर. कोर्टात टायपिस्ट म्हणून आयुष्य काढलेला माणूस. ते टाइप करायला लागले की खालचा सायकलवाला म्हणायचा, “सरांच्या दुकानात पाऊस लागला.” त्यांनी चिकलठाण्याच्या एका कंपनीनं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर आणला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. जोडून द्यायला जो इंजिनिअर आला त्यानं दोन फ्लॉपी ठेवल्या आणि म्हणाला, “ह्याच्यात खेळ आहेत. पोरं खेळता खेळता टायपिंग शिकतील.”

“खेळ?” हबीबसरांचा चेहरा असा झाला की जणू त्यानं क्लासात पत्त्यांचा डाव मांडला होता. “ये तालीम की जगा है, मियाँ!”

पण मशीनची परीक्षा तर घ्यायला हवी. सर स्वतः बसले. पहिला खेळ असा, की वरून एक-एक अक्षर खाली पडतं. जमिनीला टेकायच्या आत तेच बटण दाबलं तर ते फुटतं. टेकलं तर गेलं. पोरांनी त्या खेळाचं नाव लगेच ‘गारा’ ठेवलं.

सगळा क्लास मागं उभा. सरांनी बाह्या सारल्या आणि जन्मभराच्या सवयीनं बटणं बडवायला सुरुवात केली. आता टाइपरायटरची कळ जोरात दाबली की अक्षर ठळक उठतं. कॉम्प्युटरची कळ तशी दाबून धरली तर एका ‘ए’च्या जागी सात ‘ए’ पडतात, आणि हा खेळ जादाचं प्रत्येक अक्षर चूक धरायचा. एक मिनिटही झालं नसेल, पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, ‘गेम ओव्हर’!

कोणी हसलं नाही. सरांनी टोपी नीट केली आणि शांतपणे जिना उतरून गेले. मला वाटलं, उद्या हे मशीन भंगारात जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कुलूप उघडायला गेले, तर कुलूप आधीच उघडलेलं. सर एकटेच मशीनसमोर. बोटं अशी हलत होती की झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी हाकलतायत. माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाई, ये मशीन मारने से नै सुनती. इसकू पुचकारना पड़ता है.”

त्या दिवसापासून आमच्या क्लासात नियम झाला. टाइपरायटरला हात लावायच्या आधी प्रत्येकानं पंधरा मिनिटं गारा झेलायच्या! कोणी कळ बडवली की सर लांबूनच ओरडायचे, “पुचकारो!”

*

माझीही फजिती त्या खेळानंच केली.

मी अकरा वर्षं शिकवत होते. आणि अकरा वर्षं ‘बी’ हे अक्षर उजव्या हाताच्या बोटानं मारत होते. टाइपरायटरवर कोणाला कळतंय? तिथं उमटलं म्हणजे झालं. पण दुसऱ्या एका खेळात अक्षर पडताना पडद्यावर हाताचं चित्र यायचं आणि कोणतं बोट वापरायचं ते चमकायचं. मी पोरांना ऐटीत दाखवत होते. मागून सुजाता नावाची एक मुलगी, नुकतीच आलेली, कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, “बाई, बी डाव्या हाताचा हाय.”

मी परत मारलं. परत उजवा! बोट ऐकेचना.

हबीबसरांनी रजिस्टर उघडलं, पेन माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, “आइए बाई. आपका भी ॲडमिशन कर लेते!”

*

हर्सूलच्या जेलमधून भुजंगराव यायचे. पन्नाशीला आलेले शिपाई, मिशा अशा की पोरं आपोआप उठून उभी राहायची. त्यांना शिपायाचा कारकून व्हायचं होतं. गुडघे गेले होते, दिवसभर उभं राहवत नव्हतं. पण त्यासाठी टायपिंगचं सर्टिफिकेट पाहिजे.

त्यांचं एकेक बोट केळ्याएवढं. एक कळ दाबायला जावं तर दोन दबायच्या. पहिल्या दिवशी गारांनी त्यांना नऊ वेळा बाद केलं. प्रत्येक वेळी मशीन ‘टुईं’ करून वाजायचं. नवव्या वेळी ते उठले आणि पडद्याकडं बोट दाखवून गरजले, “बावीस वर्षं मी लोकांला आत घालतोय, अन् हा डबा मला भायेर काढतो व्हय!”

पण माणूस पक्का! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोटांची हजेरी सुरू केली. बसल्याबरोबर करंगळीपासून एकेक बोट कळीवर ठेवायचे आणि तोंडानं म्हणायचे, “ए, हजर. एस, हजर. डी, हजर. एफ, हजर.” करंगळी सारखी पळून जायची. तिला ते दुसऱ्या हातानं धरून आणायचे. “ही लई बेशिस्त. हिला एकांतात ठेवावी लागंल.” आणि खरंच आठवडाभर त्यांनी नुसती करंगळी चालवली, बाकीची नऊ बोटं मुठीत!

परीक्षेत दोनदा नापास झाले. गुडघ्याला फडकं बांधून आमचा उभा जिना चढायचे, वर आल्यावर खुर्चीत बसून दोन मिनिटं नुसता श्वास घ्यायचे, मग हजेरी. तिसऱ्या वेळी पास झाले, आणि चुका फक्त चार! त्या वर्षीच्या आमच्या सगळ्या कॉलेजच्या पोरांपेक्षा कमी. बढतीही मिळाली.

महिन्यानं भेटायला आले. मी विचारलं, “काय मग भुजंगराव, जोरात चाललंय ना टायपिंग?”

“कशाचं बाई! अख्ख्या हापिसात टाइपरायटर एकच. तोबी साहेबाच्या खोलीत कुलपात.” मग मिशीत हसले. “त्याला जन्मठेप झालीय!”

*

भिका सोयगावकडचा. घरी मेंढरं. बाप अजून कळप घेऊन हिंडायचा, हा वाळूजच्या कंपनीत खोकी उचलायचा. ड्यूटी सुटली की सायकलवर थेट क्लासला. इंग्रजी म्हणाल तर ए टू झेड ओळखू यायची, त्यापुढं राम राम.

गारांच्या खेळात एक टप्पा असा यायचा की एका वेळी आठ-दहा अक्षरं पडायची. तिथं भले भले आडवे व्हायचे. भिका पंधरा दिवसांत तो टप्पा पार करून गेला. चहाला जावं तसा, सहज! सगळे त्याच्या खुर्चीमागं. एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, “अरे, तू बघतोस तरी कोणत्या अक्षराकडं?”

“कोणत्याच नाय,” भिका म्हणाला.

“म्हणजे?”

“एका मेंढीकडं बघितलं की बाकीच्या गेल्या म्हणून समजा. कळपाकडं बघायचं. जी फुटायला लागली ती आपसूक दिसती.”

हबीबसरांनी हे ऐकलं. संध्याकाळी त्यांनी फळ्यावरचं इंग्रजी सुविचाराचं वाक्य पुसलं आणि तिथं उर्दू वळणाच्या मराठीत लिहिलं, ‘कळपाकडं बघा’. नवीन येणाऱ्या पोरांना त्याचा अर्थ कळायचा नाही. सर म्हणायचे, “भिका से पूछो. वो हमारा प्रोफेसर है.”

मग त्याच्याच कंपनीत डेटा एंट्रीची जागा निघाली. पांढरा शर्ट, पंख्याखाली बसून काम. अर्ज करायला भिका तयार नव्हता. “बाई, तिथं बी.कॉम.ची पोरं येणार. मला साधं स्पेलिंग येत नाय.” मी आणि सरांनी दोन दिवस त्याच्या मागं लागून अर्ज भरायला लावला. आणि रात्री घरी गेल्यावर मलाच धाकधूक. उगाच आशा लावली. तिथं चार लोकांसमोर त्याचा पोपट झाला तर हा पुन्हा जिना चढायचा नाही.

चाचणीची हकिकत त्यानं स्वतः येऊन सांगितली. वीस पोरं, बहुतेक इस्त्रीच्या कपड्यांत. हा कंपनीच्या निळ्या कपड्यांत, तसाच खोकी टाकून आलेला. साहेबांनी प्रत्येकापुढं कागद ठेवला. सगळ्यांना वाटलं, इंग्रजी पत्र असेल. कागदावर होते मशीनच्या सुट्या भागांचे नंबर! केटी, बीएक्स, शून्य, आडवी रेघ, परत झेड, परत आकडे. तीन पानं तसंच.

बी.कॉम.ची पोरं गडबडली. त्यांच्या डोळ्यांना शब्द वाचायची सवय. शब्दच नाही म्हटल्यावर बोटं अडखळायला लागली, कोणी ‘ओ’च्या जागी शून्य मारलं, कोणी मनानंच स्पेलिंग नीट केलं! भिकाला मात्र काहीच फरक पडला नाही. त्याला पत्र काय आणि नंबर काय, सगळं इंग्रजी सारखंच!

साहेबांनी त्याची पानं दोनदा तपासली. एकही चूक नाही. मग त्याच्या निळ्या कपड्यांकडं बघून विचारलं, “इंग्रजी चांगलं येतं वाटतं तुला?”

“नाय साहेब,” भिका म्हणाला. “म्हणून तर चुकलो नाय!”

*

आता हे सगळं चालू होतं तेव्हा बाहेर काय चालू होतं, ते औरंगाबादच्या माणसाला वेगळं सांगायला नको. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठंतरी दगड. आमच्या जिन्यावरून दोन्ही बाजूंची पोरं चढायची. वर आली की टाइपरायटरच्या खडखडाटात भांडता यायचं नाही म्हणून शांतता!

प्रकाश नामांतरासाठी मोर्चात जाणारा. दिलीप नामांतराला विरोध करणारा. दोघंही हुशार, दोघंही तापट. एक दिवस क्लासातच जुंपली. शर्टाच्या कॉलरपर्यंत हात गेले. मी मध्ये पडले, मलाच धक्का बसला.

हबीबसर आले. रागावले नाहीत. दोघांना कॉम्प्युटरसमोर एकाच बाकावर बसवलं. गाडीच्या शर्यतीचा एक खेळ होता. शब्द यायचे, तेवढ्या वेगानं टाइप केले की आपली गाडी पुढं. सर म्हणाले, “प्रकाश, तेरा डावा हात. दिलीप, तेरा उजवा. दूसरा हात जेब में. झगड़ा करना है ना? एफ और जे पे करो!” एफ म्हणजे डाव्या तर्जनीची घरची कळ, जे उजव्या तर्जनीची.

आता बघा, इंग्रजी शब्द काही एका बाजूच्या अक्षरांचे नसतात. एक अक्षर ह्याचं, दोन त्याचं. पहिला दिवस नुसता आरडाओरडा. “तुझं ‘ई’ होतं!” “मग तू ‘एन’ आधी कायला मारला?” गाडी जागची हलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. मला शंका आली म्हणून जाऊन बघितलं, तर गाडी पळत होती! शब्द आला की दोघांची एकदम मान हलायची. आठवड्यात त्यांचा वेग एवढा झाला की क्लासातल्या दोन हातांच्या पोरांनाही ते हरवायला लागले.

त्यांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. क्लास सुटला की एक डावीकडं, एक उजवीकडं. मतंही तीच राहिली.

एका दुपारी निरोप आला की चौकात गर्दी जमलीय, क्लास लवकर बंद करा. प्रकाश जिना उतरून तडक चौकाकडं निघाला. दिलीप सायकलला पाय लावून उभा होता. त्यानं बघितलं. मग मागून जोरात ओरडला,

“ए! डावा हात सांभाळ! माझ्याकडं नुसता उजवाच हाय!”

*

आणि आता सुजाताचं.

माझा ‘बी’ पकडणारी, तीच. विद्यापीठाच्या बाजूच्या वस्तीत राहायची. वडील नव्हते. आई गयाबाई वाळूजला कंपन्यांच्या शेडवर घमेली उचलायच्या. सुजाताची परीक्षा जवळ आली आणि नेमका शहरात कर्फ्यू लागला. मग तो उठला तर बंद, बंद संपला तर परत कर्फ्यू. तीन आठवडे क्लास उघडला नाही. पोरीचं वर्ष गेलं असं मी धरूनच चालले होते.

क्लास उघडला त्या दिवशी सुजाता आली, गारांसमोर बसली आणि भिकाच्या खालोखाल नंबर लावून उठली! हबीबसरांना विश्वासच बसेना. “बेटी, प्रॅक्टिस किधर की?”

“सुपात, सर.”

मग तिनं सांगितलं. कपड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिनं त्याच्यावर कीबोर्ड काढला होता. दुसऱ्या पुठ्ठ्याचे बारीक तुकडे करून प्रत्येकावर एक अक्षर. कामं बंद, माय घरीच. माय सूप तिरकं धरायची आणि वरून एक तुकडा सोडायची. तुकडा सुपाच्या कडेला पोचायच्या आत सुजातानं पुठ्ठ्यावरचं ते अक्षर दाबायचं, तेही बरोबर बोटानं. जमायला लागलं की माय सूप आणखी तिरकं करायची. म्हणजे लेव्हल टू!

“पण तुझ्या आईला इंग्रजी येतं?” मी विचारलं.

“तिला मराठीबी वाचता येत नाय, बाई.”

गयाबाईंनी अक्षरांना आपली नावं ठेवली होती. ‘ए’ म्हणजे रंगवाल्याची घोडी. ‘ओ’ म्हणजे भाकर. ‘एस’ साप. ‘एम’ डोंगर. ‘एक्स’ कात्री. तुकड्यावरचा आकार बघायचा आणि पोरीचं बोट पुठ्ठ्यावर त्याच आकारावर पडलं का ते बघायचं. कोणत्या आकाराला कोणतं बोट, हेही तीन आठवड्यांत त्यांना पाठ! “सापाला करंगळी लावलीस. त्याला शेजारचं बोट हाय,” असं म्हणून पोरीच्या हातावर चापट मारायच्या.

सुजाता परीक्षा पास झाली. तिला नोकरी कुठं लागली, कशी लागली, ते सगळं नंतरचं.

मधल्या काळात विद्यापीठाचा निर्णय झाला. कोणी नामांतर म्हणालं, कोणी नामविस्तार. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांच्या गाड्या, काही गल्ल्यांत दिवे लावलेले, काही दुकानांची शटरं खाली. दोन-तीन दिवसांनी क्लास उघडला. दुपारची वेळ. जिन्यावर पावलं वाजली आणि सुजाताच्या मागं एक बाई आली. पांढरं स्वच्छ लुगडं, चुन्यानं फुटलेले हात. हातात कागदाची घडी.

“माय हाय माझी,” सुजाता म्हणाली.

गयाबाईंनी सगळीकडं एकदा बघून घेतलं. मग मला म्हणाल्या, “बाई, पोरगी म्हनती इथलं यंत्र खरं हाय. मला जरा बसू द्याल का?”

मी काही म्हणायच्या आत हबीबसरांनी स्वतः खुर्ची ओढली. “आओ बहन, बैठो.”

गयाबाईंनी घडी उघडून मांडीवर ठेवली. सुजातानं मोठ्या इंग्रजी अक्षरांत विद्यापीठाचं पूर्ण नवं नाव लिहून दिलं होतं. गयाबाईंनी हात लुगड्याला पुसले. पुसून परत पुसले. मग बोटं कळींवर ठेवली. एफवर एक, जेवर एक, जशी ठेवायची तशी!

आणि सुरुवात केली. कागदावर बघायच्या, ओठांत पुटपुटायच्या, “घोडी... डोंगर...” आणि बरोबर त्याच बोटानं ती कळ दाबायच्या. जरा जोर न लावता. क्लासातले टाइपरायटर एकेक करून थांबले. सगळी उठून मागं येऊन उभी राहिली. प्रकाश होता, दिलीपही होता. एखादी कळ सापडायची नाही, तेव्हा सुजाताचा हात पुढं यायचा. गयाबाई कोपरानं तो बाजूला सारायच्या. “थांब. माझी मला घावंल.”

बराच वेळ लागला. किती ते घड्याळात कोणी बघितलं नाही. शेवटचं अक्षर पडलं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत अख्खं नाव उभं राहिलं. हबीबसरांनी चष्मा लावला आणि ते मोठ्यांदा वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

गयाबाई पडद्याकडं बघत होत्या.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. पडद्यावर मधोमध एक हिरवा ठिपका उरला, तोही विझला. मागून सगळ्यांच्या तोंडून एकदमच “अरेरे!” निघालं. सुजाताला रडू यायचं बाकी होतं. “माय, जपून ठेवायचं बटण दाबायचं राहिलं गं.”

“गेलं?” गयाबाईंनी विचारलं.

“गेलं. सगळं पुसलं.”

गयाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. मांडीवरचा कागद त्यांनी तळहातानं सरळ केला आणि बोटं परत कळींवर नेऊन ठेवली.

“येऊ दे की लाईट,” त्या म्हणाल्या. “परत लिहिते.”